हद्दीपलीकडची बातमी: शेजारच्या यंत्रणेला गुप्तवार्ता कशी कळवावी

ऐरोलीचा पूल ओलांडला की नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द संपून बृहन्मुंबईची सुरू होते. तळोज्याकडून शिळफाट्याला आले की ठाणे आयुक्तालय लागते, भिवंडीहून नाशिक महामार्गाने पडघ्याकडे निघाले की ठाणे ग्रामीण, आणि वाटेत कुठेही रेल्वेच्या फलाटावर पाऊल ठेवले की लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल. उरण आणि पनवेल महसुली नकाशावर रायगड जिल्ह्यात असले, तरी पोलिसांच्या नकाशावर ते नवी मुंबईत मोडतात. न्हावा-शेवा बंदराच्या दारात तर स्थानिक पोलीस, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, सीमाशुल्क विभाग आणि महसूल गुप्तचर संचालनालय अशा चार यंत्रणांचा संबंध एकाच कंटेनरशी येऊ शकतो. ठाणे आयुक्तालय 1981 मध्ये, नवी मुंबईचे 1994 मध्ये आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारचे 2020 मध्ये स्थापन झाले. लोकवस्ती वाढत गेली तशी नवी आयुक्तालये होणे आवश्यकच होते, मात्र प्रत्येक नव्या हद्दीबरोबर बातमी अडकून राहण्याची एक नवी जागाही तयार झाली.

राहायचे एका हद्दीत, चोरी करायची दुसऱ्या हद्दीत आणि माल विकायचा तिसऱ्या हद्दीत, ही या भागातील सराईतांची जुनी रीत आहे. परिणामी कोणत्याही एका पोलीस ठाण्याकडे संपूर्ण चित्र नसते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा असतो आणि तो एकट्याने पाहिल्यास किरकोळ वाटतो. हे मार्गदर्शन प्रामुख्याने पोलीस ठाण्यातील गुन्हे प्रकटीकरण पथकाचे, गोपनीय शाखेचे आणि गुन्हे शाखेच्या घटकांचे उपनिरीक्षक व सहायक निरीक्षक यांच्यासाठी आहे, कारण बातमीचा पहिला तुकडा त्यांच्याच हाती येतो. त्यामागील आग्रह एकच आहे. शेजारच्या अधिकाऱ्याला फोनवर सांगितले म्हणजे बातमी दिली असे होत नाही. घेणाऱ्याला तपासून पाहता येईल, पुढे कोणाला दाखवावी हे कळेल आणि तिचे काय झाले हे परत कळवता येईल, अशा लेखी रूपात ती पोहोचली म्हणजेच ती दिली गेली.

आपल्या हातात नेमके काय आहे

टिपण लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पहिली म्हणजे नोंदवलेली माहिती: दाखल गुन्हे, अटक, आरोपपत्र, बोटांचे ठसे. यासाठी कोणाला पत्र लिहिण्याची गरज नाही. सीसीटीएनएस ही 2009 मध्ये मंजूर झालेली प्रणाली देशभरातील पोलीस ठाण्यांच्या नोंदी जोडते, आयसीजेएस त्याच नोंदी न्यायालये, तुरुंग, अभियोग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांच्याशी जोडते, आणि 2022 मध्ये सुरू झालेली नाफिस ही ठशांची राष्ट्रीय प्रणाली अटक झालेल्या व्यक्तीला दहा अंकी क्रमांक देते. जे या प्रणालींत आधीच आहे ते आधी स्वतः शोधावे. तळोजा कारागृहात असलेल्या माणसाविषयी तो वागळे इस्टेटमध्ये फिरत असल्याची बातमी पाठवली जाणे हे पाच मिनिटांच्या शोधाने टळते.

दुसरी गोष्ट म्हणजे गुप्तवार्ता, जी कोणत्याही गुन्ह्याच्या नोंदीत नसते: बातमीदाराने सांगितलेले, पाळतीत दिसलेले, दोन वेगळ्या गुन्ह्यांच्या कार्यपद्धतीतील साम्यावरून लक्षात आलेले. हीच अडकून राहते, कारण तिच्यासाठी सीसीटीएनएसमध्ये रकाना नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा. गुप्तवार्ता पुरावा नव्हे, आणि तिला पुराव्याच्या जागी बसवण्याचा प्रयत्न न्यायालयात टिकत नाही. ती फक्त पुरावा कोठे शोधावा हे सांगते.

दखलपात्र गुन्हा घडल्याचे फिर्यादी सांगत असेल, तर ती बातमी नसून फिर्याद आहे, हेही येथेच स्पष्ट असावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, तो नोंदवून घ्यावा लागतो आणि मग संबंधित ठाण्याकडे वर्ग करावा लागतो. हद्दीचे कारण सांगून फिर्यादीला परत पाठवणे आणि शेजारच्या ठाण्याला नुसते कळवणे, हा माहितीच्या आदानप्रदानाचा प्रकार नाही.

टिपण लिहिताना

समजा, कळंबोलीच्या एका उपनिरीक्षकाला बातमीदाराकडून कळले की बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरमधून वाटेत माल काढला जातो. सवयीने लिहिले जाणारे पत्र साधारण असे असते: “कंटेनरमधून माल काढून भिवंडीत विकणारी टोळी सक्रिय असल्याची खात्रीलायक बातमी आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.” हे पत्र घेणाऱ्या, भिवंडीतील नारपोली पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने काय करावे? कोणता माल, कोणते वाहन, खात्री कोणाला आणि कशावरून, यांपैकी काहीच त्यात नाही. ते आवक नोंदवहीत चढते आणि तेथेच राहते. पाठवणाऱ्याने कळवल्याची नोंद मात्र होते, आणि मला वाटते, अशा पत्रांचा खरा उपयोग तेवढाच असतो.

आता तीच बातमी अशी लिहून पाहावी:

“न्हावा-शेवा येथून भिवंडीकडे निघालेले काही कंटेनर रात्री 11 ते 2 या वेळात कळंबोली ते तळोजा दरम्यान मुख्य रस्ता सोडून एका बंद आवाराजवळ थांबतात. तेथे सील न तोडता दाराच्या कडीचा रिव्हेट कापून दार उघडले जाते, काही खोकी काढून घेतली जातात आणि नवा रिव्हेट बसवून त्यावर रंग लावला जातो. हा भाग सांगणाऱ्याने स्वतः पाहिला आहे. काढलेला माल पांढऱ्या टेम्पोतून भिवंडीकडे जातो, असे त्याने एका चालकाकडून ऐकले आहे. गोदाम त्याने पाहिलेले नाही. टेम्पोच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक त्याला आठवतात, ते सोबत दिले आहेत. माल विजेच्या उपकरणांचा असावा हा आमचा अंदाज आहे, तो सांगणाऱ्याने सांगितलेला नाही.”

या टिपणात पाहिलेले, ऐकलेले आणि आपण काढलेले असे तीन थर वेगळे दिसतात. सील शाबूत असूनही माल कमी भरतो, ही तक्रार भिवंडीच्या गोदाममालकांकडून नारपोली किंवा ग्रामीणच्या ठाण्यांत आधीच आलेली असू शकते, आणि ती मोजणीतील चूक म्हणून बाजूला ठेवली गेलेली असू शकते. रिव्हेटचा उल्लेख वाचताच तेथील अधिकारी पुढच्या कंटेनरच्या दाराची कडी बारकाईने पाहील, ताजा रंग शोधील, आणि दोन हद्दींतील दोन तुकडे एकत्र येतील. कार्यपद्धतीचे असे बारीक वर्णन नावापेक्षा अधिक उपयोगी असते, कारण टोळीतील माणसे बदलतात, पण हात बसलेली पद्धत सहसा बदलत नाही.

मात्र हे टिपण जसेच्या तसे बाहेर पाठवता येणार नाही, आणि येथे सर्वांत जास्त काळजी हवी. त्या आवाराजवळ रात्री चारच माणसे असतील, तर “स्वतः पाहिला आहे” हे तीन शब्द बातमीदाराला उघडा पाडतात. नाव न लिहिणे म्हणजे स्रोत लपवणे नव्हे. ही गोष्ट कोणाकोणाला ठाऊक असू शकते, असा प्रश्न टोळीच्या बाजूने विचारून टिपण पुन्हा वाचावे लागते. म्हणून टिपणाच्या दोन प्रती असाव्यात. पूर्ण प्रत आपल्या वरिष्ठांकडे राहील. बाहेर जाणाऱ्या प्रतीतून बातमीदाराकडे बोट दाखवणारे तपशील काढावेत, वेळ “रात्री उशिरा” अशी सैल करावी, आणि प्रत्यक्ष पाहिल्याची बाब मजकुरात न ठेवता श्रेणीतून कळवावी. बातमीदाराचे नाव केवळ सांकेतिक क्रमांकाने ओळखले जावे आणि त्या क्रमांकामागील नाव एकाच बंद नोंदवहीत, एकाच वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यात असावे. बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 131 ने दिले आहे, आणि माहितीच्या अधिकारातही स्रोत उघड होईल अशी माहिती कलम 8(1)(छ) खाली नाकारता येते. पण पाच कार्यालयांत फिरलेल्या पत्रातच नाव असेल, तर या संरक्षणाला अर्थ उरत नाही.

श्रेणी देण्याची जगभर रूढ असलेली पद्धत ब्रिटिश नौदलातून आलेली आहे. स्रोताची विश्वासार्हता ए ते एफ या अक्षरांनी आणि माहितीची सत्यता 1 ते 6 या अंकांनी दाखवली जाते. ए म्हणजे पूर्ण विश्वासार्ह स्रोत, बी म्हणजे सहसा विश्वासार्ह, ई म्हणजे अविश्वसनीय. 1 म्हणजे अन्य स्वतंत्र स्रोतांनी दुजोरा दिलेली माहिती, 2 म्हणजे बहुधा खरी, 3 म्हणजे कदाचित खरी, 5 म्हणजे असंभाव्य. एफ आणि 6 यांचा अर्थ खोटे असा नाही, तर अद्याप ठरवता येत नाही असा आहे. नवा बातमीदार नेहमी एफपासून सुरू होतो, आणि त्यात त्याचा अपमान नाही. दोन्ही श्रेणी परस्परांपासून स्वतंत्र ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण जुना, खात्रीचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि पहिल्यांदाच आलेला माणूसही डोळ्यांनी पाहिलेले सांगू शकतो. वरील टिपणात रिव्हेटचा भाग बी-2 ठरेल, टेम्पो भिवंडीला जातो हा भाग बी-3 च्या वर जाणार नाही, आणि विजेच्या उपकरणांच्या अंदाजाला श्रेणी द्यायचीच नाही. एका टिपणाला एकच श्रेणी देऊन मोकळे होण्यापेक्षा प्रत्येक विधानाला वेगळी द्यावी. ब्रिटनच्या पोलिसांनी आपली मूळची 5×5×5 पद्धत (स्रोत, माहिती आणि हाताळणी यांच्या प्रत्येकी पाच श्रेणी) पुढे 3×5×2 अशी लहान केली, यावरून ठाण्याच्या पातळीवर पद्धत जितकी सुटसुटीत तितकी ती पाळली जाते, हे ध्यानात यावे. कोणती पद्धत वापरायची याबाबत माझा आग्रह नाही, पण देणारा आणि घेणारा यांनी एकच वापरावी आणि तिचा तक्ता दोघांच्या टेबलावर असावा. “खात्रीलायक” आणि “विश्वसनीय” हे शब्द टिपणातून काढून टाकले तरी चालतील.

शेवटी हाताळणीची सूचना हवी: ही बातमी कोणी वाचावी, पुढे द्यावी का, तिच्या आधारे लगेच कारवाई करावी की आधी विचारावे. मूळ यंत्रणेच्या परवानगीशिवाय बातमी तिसऱ्या यंत्रणेला द्यायची नाही, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत टिपणावर ठळकपणे लिहावा. नारपोलीच्या अधिकाऱ्याला ती सीमाशुल्क विभागाला द्यावीशी वाटली, तर त्याने कळंबोलीला विचारावे. विचारण्याने अर्धा तास जातो, न विचारण्याने बातमीदार जाऊ शकतो.

तीन ठिकाणांहून आलेली एकच बातमी

भिवंडीतील एकच माणूस नारपोलीच्या गुन्हे प्रकटीकरण पथकालाही बातमी देतो आणि गुन्हे शाखेच्या घटकालाही. पथक ती नवी मुंबईला कळवते, घटकही कळवतो, आणि नवी मुंबईतील एखादा हवालदार ती ग्रामीणच्या स्थानिक गुन्हे शाखेतील मित्राला सांगतो, जो आठवड्याने तीच बातमी आपली म्हणून परत पाठवतो. नवी मुंबईच्या टेबलावर आता तीन यंत्रणांकडून आलेली तीन टिपणे असतात आणि श्रेणी 1 देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मूळ एकच आहे, आणि तो माणूस धंद्यातील प्रतिस्पर्ध्याला अडकवण्यासाठीही बोलत असू शकतो.

हा धोका आदानप्रदान वाढले की कमी होत नाही, उलट वाढतो, आणि म्हणूनच त्यावर थांबून विचार करावा लागतो. उपाय तीन आहेत आणि तिन्ही कंटाळवाणे आहेत. बातमी प्रथम कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यालयात आली, याची तारीख आणि जावक क्रमांक ती पुढे कितीही वेळा गेली तरी तिच्याबरोबर चालत राहिला पाहिजे. दुसऱ्याकडून मिळालेली बातमी पुढे देताना ती आपली नसल्याचे लिहिले पाहिजे. आणि दुजोरा म्हणून नोंदवण्यापूर्वी दोन्ही यंत्रणांच्या वरिष्ठांनी, नावे उघड न करता, आपापले स्रोत वेगळे आहेत का हे एकमेकांत ताडून घेतले पाहिजे. दुजोरा माणसाकडूनच यावा असेही नाही. वाहतूकदाराकडील जीपीएसची नोंद, ई-वे बिलावरील वेळ आणि गोदामात पोहोचल्याची वेळ यांतील दोन तासांची तफावत हा माणसाच्या सांगण्यापेक्षा चांगला दुजोरा आहे.

कोणाला आणि कोणत्या मार्गाने

सर्वांना पाठवणे म्हणजे सुरक्षित राहणे, असे समजून टिपणाच्या तळाशी वीस कार्यालयांची यादी जोडली जाते. त्यातील प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बघेल. ज्याला या बातमीवर काही करायचे आहे त्याला ती पूर्ण द्यावी, ज्याला केवळ माहीत असायला हवे त्याला दोन ओळींत कळवावी, आणि उरलेल्यांना देऊ नये. आपल्या कंटेनरच्या बाबतीत नारपोली, शीळ-डायघर आणि दोन्ही आयुक्तालयांच्या गुन्हे शाखा कृती करणाऱ्या आहेत. आयातीचा माल सीमाशुल्काच्या बंधपत्राखाली (शुल्क भरणे बाकी) असेल, तर सीमाशुल्क विभागही त्यांत येतो.

ठाण्याच्या पातळीवर मार्ग वरिष्ठ पोलीस निरीक्षकांमार्फत, आणि आयुक्तालयाबाहेर जाताना सहायक आयुक्त किंवा उपायुक्तांच्या माहितीने असावा. शेजारच्या ठाण्यातील समकक्षाशी थेट बोलणे गैर नाही, किंबहुना त्यावरच हे सारे चालते, पण त्या बोलण्यामागून लेखी टिपण त्याच दिवशी गेले पाहिजे. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर त्याच्या मोबाइलमधील बातमी त्याच्याबरोबर जाते, टिपण मागे राहते. दहशतवादाशी संबंधित काहीही असेल, तर ठाण्याने आपल्या पातळीवर ते फिरवू नये. ते विशेष शाखेमार्फत राज्य गुप्तवार्ता विभागाकडे आणि 2004 मध्ये स्थापन झालेल्या दहशतवादविरोधी पथकाकडे जावे, तेथून ते केंद्रीय गुप्तचर विभागाच्या अखत्यारीतील बहुयंत्रणा केंद्रापर्यंत पोहोचते. हे केंद्र 2001 पासून आहे आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर ते बळकट करण्यात आले. त्या हल्ल्यानंतर राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने आलेल्या पूर्वसूचनांच्या हाताळणीतील उणिवा नोंदवल्या होत्या. सूचना येणे आणि सूचना योग्य माणसापर्यंत पोहोचून तिचा पाठपुरावा होणे यांतील अंतर किती महाग पडते, हे मुंबई परिसरातील पोलिसांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अमली पदार्थांसाठी 2016 मध्ये उभारलेली एनकॉर्ड ही समन्वय व्यवस्था आहे आणि तिची जिल्हास्तरीय समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. ती धोरण आणि आढावा यांसाठी आहे. आज रात्री येणाऱ्या एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) खेपेची बातमी तेथे मांडायची नसते. या विषयात एक कायदेशीर अट आधी पाळावी लागते. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम 42 नुसार मिळालेली बातमी लेखी घेऊन तिची प्रत 72 तासांच्या आत लगतच्या वरिष्ठाला द्यावी लागते, आणि हे न केल्याने खटले कोसळलेले आहेत. सायबर फसवणुकीत क्रम उलटा होतो. पैसा काही तासांत अनेक खात्यांतून फिरतो, म्हणून आधी 1930 ही हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल यांवर नोंद, मग टिपण. देशाबाहेर जाणारी विनंती सीबीआयमार्फतच इंटरपोलकडे जाते, त्यासाठी जानेवारी 2025 पासून भारतपोल हे पोर्टल आहे.

जिवाला धोका असेल, तर वरील सर्व मार्ग बाजूला ठेवून नियंत्रण कक्षाला फोन करावा आणि लेखी टिपण नंतर द्यावे.

व्हॉट्सॲप गटांबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. पोलीस अधिकाऱ्यांच्या गटांवर संशयितांची छायाचित्रे, वाहनांचे क्रमांक आणि कधी कधी बातमीदाराचा आवाजही टाकला जातो, कारण ते सोपे आहे आणि उत्तर पटकन मिळते. पण गटात कोण आहे, बदली झालेले किती जण अजून त्यात आहेत, आणि ते छायाचित्र पुढे कोणत्या सोसायटीच्या गटात गेले, हे कोणालाच सांगता येत नाही. केवळ संशयापोटी एखाद्याचा चेहरा चोर म्हणून कळव्यापासून पनवेलपर्यंत फिरला, तर तो परत घेता येत नाही. हरवलेल्या मुलाचे छायाचित्र गटावर टाकण्याची निकड मी समजू शकतो, बातमीची नाही. बातमी शासकीय ई-मेलवर किंवा दुहेरी बंद लिफाफ्यातून जावी आणि तिची पोच घ्यावी.

तडीपारीच्या आदेशांबाबत मात्र या भागात अधिक मोकळेपणा हवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 55 ते 57 खाली ठाणे, मुंबई आणि रायगड अशा लगतच्या जिल्ह्यांतून एकत्रित हद्दपारी होते, पण छायाचित्रासह आदेश सर्व लगतच्या ठाण्यांत बीट अंमलदारापर्यंत पोहोचला नाही, तर तडीपार माणूस खाडीपलीकडे भाड्याने खोली घेऊन राहतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. हा आदेश गोपनीय नाही. तो त्याच दिवशी कळवण्यात कसलीच अडचण नसावी.

टिपणात काय नसावे

“विशिष्ट समाजाची टोळी” हे शब्द टिपणात आले की ते परत पाठवावे. त्यातून घेणाऱ्याला शोधता येईल असे काहीही कळत नाही, आणि एका वस्तीतील शेकडो निरपराध माणसे संशयित होतात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्याची भाषा अनेक जुन्या नोंदींत आजही सापडते. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हिस्ट्रीशीटच्या (पोलिसांनी सराईतांविषयी ठेवलेल्या नोंदपत्राच्या) संदर्भात, अल्पवयीन नातेवाइकांचे तपशील आणि मागास समाजांतील निरपराधांच्या यांत्रिक नोंदी टाळण्याची आवश्यकता अधोरेखित केली आहे. उंची, बोलीतील लकब, वाहन, हत्यार, कार्यपद्धती, येण्या-जाण्याची वेळ, हे सारे लिहावे. जात आणि धर्म लिहू नये.

बालकाची ओळख बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 मुळे आणि लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मुळे उघड करता येत नाही. यंत्रणांमधील पत्रव्यवहारातही ती गरजेपुरतीच आणि बंद लिफाफ्यातच असावी. पत्नी, आईवडील, मुले यांची नावे केवळ फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणून भरू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो संशयितालाही आहे.

छाप्याआधी आणि छाप्यानंतर

एकाच आवारावर दोन यंत्रणांचा डोळा असणे या परिसरात सहज शक्य आहे. एकीने पाळत ठेवलेली असते, दुसरी थेट छापा घालते, आणि महिन्यांचे काम वाया जाते. कधी साध्या वेषातील दोन पथके एकमेकांवरच धावून जातात. म्हणून शेजारच्या हद्दीत पाऊल टाकण्यापूर्वी तेथील गुन्हे शाखेच्या वरिष्ठाला ठिकाण आणि वेळ एवढेच विचारावे: या ठिकाणी तुमचे काही चालू आहे का? बातमीचा मजकूर सांगण्याची गरज नाही. पुरावा नष्ट होईल अशी भीती असल्यास दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत स्वतः झडती घेण्याची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 186 ने दिली आहे, पण त्याची सूचना आणि जप्त वस्तूंची यादी त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तत्काळ पाठवावी लागते. घाईत ही सूचना विसरली जाते आणि मग हद्दीचा वाद गुन्ह्यापेक्षा मोठा होतो.

बातमीवरून पुराव्याकडे जाताना प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे उभी राहिली पाहिजे. कंटेनरच्या उदाहरणात वाहतूकदाराकडील जीपीएसच्या नोंदी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खालील लेखी आदेशाने मागवाव्या लागतील, वाटेवरील पेट्रोल पंप आणि ढाबे यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाण्यापूर्वी ताब्यात घ्यावे लागेल, या सर्व इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागेल, आणि झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करावे लागेल. कापलेला रिव्हेट पंचनाम्यात स्वतंत्र मुद्देमाल म्हणून घ्यावा, कारण त्यावरील हत्याराच्या खुणा आणि नंतर सापडणारे कटर यांचा मेळ न्यायवैद्यक प्रयोगशाळा घालू शकते. मूळ टिपण आरोपपत्राच्या कागदांत जाऊ नये. ते गेले की दोन्ही यंत्रणांचा बातमीदार संकटात येतो.

उत्तर

या साऱ्या साखळीतील सर्वांत दुबळी कडी म्हणजे परतीचे उत्तर. नारपोलीने कळंबोलीच्या टिपणावरून टेम्पो पकडला, आरोपी अटक झाले, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली, आणि कळंबोलीच्या उपनिरीक्षकाला ते वर्तमानपत्रातूनच कळले, तर पुढची बातमी तो आपल्याजवळ ठेवील. हे मानवी आहे आणि त्याला दोष देता येत नाही. यशाचे श्रेय लेखी, नावानिशी आणि वरिष्ठांच्या नजरेस येईल असे द्यावे. पण त्याहून अधिक गरजेचे म्हणजे अपयशाचेही उत्तर द्यावे. “सांगितलेल्या आवाराजवळ चार रात्री पाळत ठेवली, एकही कंटेनर थांबला नाही” हे वाक्य वाचून कळंबोलीचा अधिकारी आपल्या बातमीदाराची श्रेणी बदलू शकतो किंवा जागा बदलली का, हे विचारू शकतो. उत्तर न मिळाल्यास तो तीच बातमी आणखी वर्षभर बी-2 म्हणून देत राहील.

म्हणून प्रत्येक टिपणावर उत्तराची तारीख घालावी. तातडीच्या बातमीला दोन दिवस आणि इतर बातमीला तीस दिवस पुरेसे आहेत असे मला वाटते, मात्र यंत्रणांनी आपापसांत ठरवलेली मुदत चांगली. त्या तारखेला काहीही निष्पन्न झाले नसेल, तर तसेच लिहावे. याबरोबर पुनर्विलोकनाचीही तारीख असावी. सहा महिन्यांत एकाही स्वतंत्र मार्गाने दुजोरा न मिळालेली आणि व्यक्तीचे नाव असलेली बातमी सक्रिय नोंदींतून काढावी, ठेवायची असल्यास त्याचे कारण वरिष्ठाने लेखी द्यावे. संशय निराधार ठरला, तर केवळ आपल्या फाइलवर शेरा मारून थांबू नये. ते टिपण ज्या ज्या कार्यालयात गेले, त्या प्रत्येकाला मूळ जावक क्रमांक देऊन ते रद्द केल्याचे पत्र पाठवावे, त्यांनी पुढे कोणाला दिले असल्यास तेथेही कळवण्यास सांगावे, आणि प्रत्येक पत्राची पोच घ्यावी.